बिनटपाची मोटार

माझा दात दुखला नसता तर आज लातुरात माझा एक प्लॉट असता. कोपऱ्याचा, पूर्वेकडे तोंड असलेला. पण दात दुखला, आणि दातांच्या डॉक्टरकडे दोन तास बसावं लागलं. तिथल्या टेबलावर सहा वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी मासिक पडलं होतं. त्यात एक लेख होता. जुन्या, उघड्या, शर्यतीच्या विलायती मोटारींना मुंबईत कशी मागणी आहे, शौकीन लोक त्यांच्यामागे कसे हिंडतात आणि दरवर्षी त्यांची किंमत कशी चढते, असं सगळं त्यात लिहिलं होतं. शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. धोक्याच्या सूचना बहुधा त्या पानावर असाव्यात.

ही गोष्ट लातूर जिल्हा झाला त्या सुमाराची. ब्याऐंशीच्या ऑगस्टात जिल्हा झाला आणि नव्या जिल्ह्याची घडी बसवायला नांदेडच्या कचेरीतून काही अव्वल कारकून पाठवले गेले. त्यांत मी, गुरुलिंग मठपती, होतो. खुर्च्या आल्या होत्या, टेबलं यायची होती, त्यामुळे पहिला महिना आम्ही मांडीवर फायली ठेवून जिल्हा चालवला. लातुरात तेव्हा दोनच विषय असत, पाणी आणि प्लॉट. पाणी कुठेच नव्हतं आणि प्लॉट सगळीकडे होते. पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. नळ आठवड्यातून एकदा घशातून आवाज काढून गप्प होत असे. पण जिल्हा झाला म्हणजे भाव चढणार, म्हणून जो तो पांढरी फक्की मारलेले चौकोन घेत सुटला होता. माझ्या कचेरीतल्या शिपायाचे दोन प्लॉट होते. तो मला चहा देताना थोडा वरून बघत असे.

आमचेही पैसे पोस्टात तयार होते. उमाने, म्हणजे माझ्या पत्नीने, ते बारा वर्षं साठवले होते. मी तिला मासिकातली गोष्ट सांगितली तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं.

"घराच्या छपराचे पैसे," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्यातून छप्पर नसलेली वस्तू आणणार?"

"अगं, दोन वर्षांत पाऊस पडलाय का? छप्पर हवंय कशाला?"

सरकारी नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा युक्तिवाद कसा बिनतोड असतो, ते इथे दिसून यावं. उमाने तवा उतरवला आणि एक वर्षाची मुदत दिली. वर्षभरात गाडी दुपटीने विकायची आणि प्लॉट घ्यायचा. मी देवापुढे उभा राहून हो म्हणालो. हे पहिलं वचन. पुढच्या सगळ्या घोटाळ्यासाठी ते वाचकांनी लक्षात ठेवावं.

मोटारीतलं मला काही कळत नव्हतं. पण नांदेडला आमचे शेजारी होते व्यंकटराव गायकवाड. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं मेकॅनिक, नुकतेच निवृत्त झालेले आणि दुपारी काय करावं या विवंचनेत असलेले. मी बेत सांगताच त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. जुनी गाडी म्हणजे जुनं माणूस, ते म्हणाले, तोंडावर जाऊ नका, छातीला कान लावा.

पहिली गाडी नांदेडातच होती, एका कंत्राटदाराकडे. लाल, चकचकीत, बघताक्षणी मी तिच्या प्रेमात पडलो. व्यंकटरावांनी खिशातून लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि गाडीच्या दाराला टेकवलं. ते खाली पडलं. दुसऱ्या दाराला टेकवलं, तिथेही पडलं.

"लोखंड न्हाई सायब," व्यंकटराव म्हणाले. "नुसती लांबी भरून वरून रंग मारलाय."

बॉनेट उघडलं तर आत विहिरीवरच्या पंपाचं इंजिन होतं. विहीर आटल्यापासून ते रिकामं पडलं होतं म्हणून बसवलं, असं कंत्राटदाराने अभिमानाने सांगितलं. पाऊस झाला की ते परत न्यावं लागेल, ही अट तो घालू लागला तेव्हा आम्ही निघालो.

दुसरी गाडी बिलोलीला एका निवृत्त हेडमास्तरांच्या परसात होती. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. ड्रायव्हरच्या जागेवर एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिची आमच्याकडे बघण्याची पद्धत फार अपमानकारक होती. हेडमास्तर म्हणाले, "सौदा आज करू, पण गाडी एकवीस दिवसांनी न्या. तिला उठवता येणार न्हाई." व्यंकटरावांनी हळूच गवत बाजूला केलं. खाली तळ नव्हता, थेट जमीन दिसत होती. मास्तर भले माणूस. त्यांनी चहा पाजला आणि निघताना म्हणाले, "खरी गाडी पाहिजे तर उदगीरला जावा. शंकरप्पा डाळवाल्याकडं हाय. पण तो कुणाला दावत न्हाई."

उदगीरच्या मोंढ्यामागे शंकरप्पांचं गोदाम होतं. शंकरप्पा, सगळे त्यांना अप्पा म्हणत, वय ऐंशी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, एका हातात काठी, बोलताना दम लागत होता. त्यांचा मुलगा बसवंत आम्हाला आत घेऊन गेला. तुरीच्या डाळीचा वास, अंधार, आणि कोपऱ्यात पोत्यांखाली काहीतरी. अप्पांनी स्वतः एकेक पोतं उचललं. मुलाला हात लावू दिला नाही.

मी मासिकातलं सगळं विसरलो. गर्द हिरवा रंग, लांबच लांब बॉनेट, तारांची चाकं, समोर दोन मोठे गोल दिवे. जागा दोनच माणसांपुरती. दारं मध्येच खाली वाकवलेली, कोपर टेकून बसता यावं म्हणून. कापडी टप कधीच कुजून गेला होता, त्याच्या नुसत्या कांबी राहिल्या होत्या. उभी असतानाही ती निघाल्यासारखी दिसत होती. व्यंकटरावांनी टोपी काढली. तीस वर्षांत त्यांनी साहेबांपुढेसुद्धा टोपी काढली नसावी.

"चालते?" मी विचारलं.

"चालत न्हाई. पण बोलते," अप्पा म्हणाले. "छप्पन साली टायर फुटला. हैदराबादहून टायर मागवला. तो यायच्या आधी हैदराबाद राज्यच मोडलं. तवापासून उभी हाय. पण दर दसऱ्याला पूजा करतो अन् हँडल मारून इंजिन चालू करतो. एक दसरा चुकवला न्हाई."

बसवंतने हँडल मारलं. चौथ्या झटक्याला इंजिन लागलं. व्यंकटरावांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला टेकवला, मुठीला कान लावला, डोळे मिटले. मग उठून त्यांनी इंजिनावरचा नंबर चुन्याने पुसून वाचला. अप्पांनी पेटीतून कागद काढला. कागद उर्दूत होता, बीदरचा शिक्का असलेला. अप्पा निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यांनी खडाखडा वाचून दाखवला. नंबर जुळला.

"घ्या सायब," व्यंकटराव माझ्या कानात म्हणाले. "मी असतो तर घर विकून घेतली असती."

पण घेणं एवढं सोपं नव्हतं. अप्पांनी मला समोर बसवलं. "मठपती म्हंजे आपल्यातलेच. मग तुला फोड करून सांगावं लागणार न्हाई."

तरी वाचकांसाठी फोड करतो. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. त्याला बसवतात. भस्म लावून, हार घालून, फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवून, आयुष्यभर बसायचा तसा ताठ बसवून नेतात आणि बसलेलाच समाधीत ठेवतात.

"मागल्या साली अण्णा गेला माझा, थोरला भाऊ मलप्पा," अप्पा म्हणाले. "खांदेकरी कुठं मिळतेत आता? पोरं जीप घेऊन आली. जीपचं छत बुटकं. अण्णा उंच. बसवला तर डोकं छताला लागायलं. मग काय, मान वाकवली त्याची. सबंध बाजारातून मान खाली घालून गेला गुरुलिंगा. निजामापुढं न वाकवलेली मान. मी मागून चालत होतो, मला लई लागलं बघ."

त्यांनी काठी मुलाकडे रोखली. बसवंत खाली बघत होता.

"पोराला हितं दुकानं काढायचीत. जिल्हा झालाय. काढू दे. गाडी तुला मी घेतली त्याच किमतीला देतो. पण माझी येळ आली की हिच्यातून न्यायचं. हिला छत न्हाई. मला मान ताठ ठेवून जायचंय."

मी हो म्हणालो. हे दुसरं वचन. त्या क्षणी मला पहिलं आठवलं नाही असं नाही. अप्पांचं वय ऐंशी, काठी, दम, हे सगळं बघून माझ्या मनात जो विचार आला तो मी इथे लिहीत नाही. वाचकांच्याही मनात तोच आला असेल तर त्यांनीही स्वतःला दोष द्यावा.

आता गाडी नावावर करायची होती. मी स्वतः सरकारी माणूस, त्यामुळे दुसऱ्या कचेरीच्या खिडकीपुढे उभं राहणं काय असतं, हे मला माहीत नव्हतं. आरटीओच्या खिडकीतल्या क्लार्कने उर्दू कागद उलटा धरला, मग सुलटा, मग पुन्हा उलटा.

"गाडी बीदरची. बीदर कर्नाटकात. तिकडचा ना-हरकत दाखला आणा."

"अहो, गाडी उदगीरची आहे. तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं."

"मग बीदरहून इकडं कधी आणली?"

"आणली नाही. ती एका जागी उभी होती. छप्पनला उदगीर उस्मानाबादला जोडलं, आता लातूरला. राज्यं बदलली, जिल्हे बदलले. गाडी हललेली नाही."

क्लार्कने विचार केला. "हलली नाही याला पुरावा काय?"

मग मी उदगीरच्या तलाठ्याकडे गेलो आणि गाडी सत्तावीस वर्षं जागची हलली नसल्याचा दाखला मागितला. असा दाखला तलाठ्याने आयुष्यात दिला नव्हता. त्याने पंचनामा केला. पंचांनी गाडीखालच्या मुंग्यांच्या वारुळाचीही नोंद घ्यायला लावली, पुरावा म्हणून. मध्यंतरी व्यंकटराव बायकोला सांगून उदगीरला मुक्कामाला आले होते. पंधरा दिवसांत त्यांनी गोदामात गाडी खोलली, जोडली, टॅक्सीचे टायर बसवले आणि ती रस्त्यावर आणली. गाडी तपासणीला कचेरीत आणा असा हुकूम होताच. आम्ही ती चालवत कचेरीच्या आवारात नेली. बरोबर अप्पा होते. क्लार्कने दाखला वाचला, खिडकीतून गाडी बघितली.

"जी गाडी हलत नाही असा दाखला आहे," तो म्हणाला, "ती इथं कशी आली?"

मी चक्क हात जोडले. वीस वर्षं मी लोकांना असलेच प्रश्न विचारत आलो होतो, ते सगळे मला त्या खिडकीपुढे आठवले.

अप्पा पुढे आले. त्यांनी क्लार्कच्या हातातला उर्दू कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. गाडीचा रंग, चाकं, इंजिनाचा नंबर, मालकाचं नाव, बापाचं नाव, मुक्काम उदगीर. जुन्या कचेरीतली ती भारदस्त भाषा. एकेक टेबल गप्प झालं. वाचून झाल्यावर अप्पा म्हणाले, "ह्यातला मालक मी. ही ती गाडी. आमच्या दोघांपैकी कुणी उदगीर सोडलं न्हाई, उदगीरच इकडून तिकडं जाऊन राहिलंय. त्याला आमी काय करावं?"

क्लार्क उठून बाहेर आला. मागोमाग सगळी कचेरी बाहेर आली. त्याने दाराच्या वाकलेल्या कडेवर हात फिरवला, मग मला विचारलं, "बसून बघू का जरा?" तो बसला. त्याचे साहेब बसले. शिपाई बसला. संध्याकाळी कागद झाले. पुढे कधीही मला त्या कचेरीत काम पडलं, तर सगळे आधी गाडीची खुशाली विचारत.

गाडी लातूरला आमच्या गल्लीत आली आणि एक नवीनच गोष्ट कळली. ती पाणी प्यायची. दर वीसेक किलोमीटरला रेडिएटर उकळायचा आणि एक घागर पाणी लागायचं. ज्या गावात माणसं अर्ध्या बादलीत आंघोळ करून उरलेलं तुळशीला घालत होती, तिथे मी भर गल्लीत मोटारीला पाणी पाजत होतो. पहिल्या दिवशी शेजारच्या धोंडाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला. मला त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उमाने तोडगा काढला. मी आठवड्यातून दोनदा आंघोळ करायची, माझ्या उरलेल्या वाट्याचं पाणी गाडीला. दोन महिन्यांत अख्ख्या गल्लीला हा बंदोबस्त माहीत झाला. कचेरीत लोक माझ्यापासून जरा अंतर ठेवून बसू लागले, आणि साहेबांनी माझं टेबल खिडकीशी हलवायला सांगितलं.

पण खरं सांगू? रविवारी पहाटे नळेगावच्या रस्त्याने ती गाडी निघाली की हे सगळं विसरायला होई. दोन्ही बाजूंनी करपलेली रानं, वर नुसतं आभाळ, बॉनेटखालून येणारा तो जाड, समाधानी आवाज. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघायच्या आणि हसायच्या. एकदा एक आजीबाई ओरडली, "अरं, वरचं कुठं पडलं?" मी मान वर करून आभाळ दाखवलं. उमा पहिल्या दिवशी डोक्यावरून पदर घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती. चौथ्या रविवारी तिने पदर सोडला. पाचव्या रविवारी तिने, "जरा जोरात घ्या की," असं म्हटलं. आता ती ते नाकबूल करते.

दर रविवारी आम्ही अप्पांकडे जायचो. त्यांना फिरवून आणणं हे मी कर्तव्य समजलो होतो, आणि तिथेच चुकलो. कारण अप्पा दर रविवारी सुधारत गेले. दोन महिन्यांनी दम गेला. चौथ्या महिन्यात काठी गेली. दिवाळीला ते स्वतः हँडल मारू लागले. मी रविवारी गेल्यावर सवयीने विचारायचो, "तब्येत कशी आहे अप्पा?" आणि ते छाती पुढे काढून म्हणायचे, "एकदम झ्याक!" बसवंत माझ्याकडे बारीक नजरेने बघायचा. मीही उत्तर ऐकून हसायचो, पण ते हसू मला जरा ओढून आणावं लागायचं आणि मग मला स्वतःची लाज वाटायची.

मुदत संपायला पंधरा दिवस उरले असताना मुंबईहून पत्र आलं. मासिकात लिहिलं होतं तसाच एक शौकीन. कुणाकडून तरी गाडीची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. सोमवारी येतो, पसंत पडली तर दुप्पट देतो. विकायची आहे, या, असं मी उलट टपाली कळवलं. उमाने पत्र तीनदा वाचलं आणि देवापुढे ठेवलं. दुपारी ती धोंडाबाईंना घेऊन प्लॉट बघून आली. कोपऱ्याचा, पूर्वेकडे तोंड. तुळशी कुठे ठेवायची ते तिने दगड लावून ठरवलंसुद्धा.

त्या दिवशी मी तिला दुसरं वचन सांगितलं. एकाच गाडीवर दोघांना शब्द देऊन बसलो आहे, हे वाक्य तोंडातून निघताना मला बिलोलीच्या कोंबडीची नजर आठवली. उमा भांडली नाही. ती फक्त म्हणाली, "उद्या मी येते उदगीरला. त्यांना माझ्यासमोर सांगा."

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. उमाकडे बघितलं. मग हसले.

"पोरी, तुझं घर अडवून मी मरणार व्हय? गिऱ्हाईक सोमवारी येतंय ना? मग रविवारी न्या मला."

"कुठे अप्पा?"

"कुठं म्हंजे? मला जिथं जायचंय तिथं. वाजत गाजत न्या, बसवून न्या. जिवंत काय न् मेलो काय, एकदा मान ताठ ठेवून बाजारातून गेलो की माझं झालं. मागून मला जीपमधी घाला न्हाईतर हातगाड्यावर घाला, मी काय बघायला येणार हाय?"

विधीसाठी जंगम स्वामींना बोलावलं तेव्हा ते दचकले. जिवंत माणसाची अशी मिरवणूक शास्त्रात बसत नाही, म्हणाले. अप्पा म्हणाले, "शास्त्रात मोटार तरी कुठं हाय? ती बसवली न्हवं आपण?" स्वामी भजनी मंडळ घेऊन आले.

रविवारी सकाळी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. अप्पांनी नवं धोतर, फेटा, भस्माचे पट्टे, गळ्यात हार अशी तयारी केली आणि डाव्या बाजूला मांडी घालून ताठ बसले. मी चालवत होतो. व्यंकटराव बाहेर बॉनेटच्या बाजूने चालत होते, हातात पाण्याचा डबा. मागे बायकांबरोबर उमा. निघाल्या निघाल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, चहावाल्याने "अप्पा, कुठं निघाले?" विचारलं. अप्पा समोर बघत होते. मोंढा ओलांडला, आणि हळूहळू शिट्ट्या थांबल्या. एका दुकानदाराने सवयीने अर्धं शटर ओढलं. कुणी टोपी काढली, कुणी हात जोडले. हसायला आलेली माणसं मागे चालू लागली.

चौकाच्या कोपऱ्यावर केवळाबाईंचं घर होतं. ऐंशीच्या घरातली बाई, कुणीच त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्या टँकरवरून घागर भरून येत होत्या. त्यांनी गाडीतले हार बघितले, फेटा बघितला आणि रस्त्यातच हंबरडा फोडला. "शंकरप्पा, असा कसा गेलास रे! काल तर बोललास माझ्यासंगं!"

नेमकी तिथेच गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ आली आणि आम्ही थांबलो. व्यंकटरावांचा डबा रिकामा होता. अप्पांनी मान वळवली.

"केवळे, रडू नगंस. मी हाय अजून. पाणी दे गाडीला."

केवळाबाई दोन पावलं मागे सरल्या. मग पुढे आल्या, अप्पांच्या हाताला हात लावून बघितला, गरम आहे का ते. आठ दिवसांनी आलेल्या टँकरचं, दोन तास रांगेत उभं राहून मिळालेलं पाणी होतं ते. त्यांनी अख्खी घागर रेडिएटरमध्ये ओतली. व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत वाफ गेली म्हणाले ते, पण वाफ दुसरीकडे होती.

समाजाच्या स्मशानभूमीत मलप्पांची समाधी कडेला होती. अप्पा खाली उतरले आणि समाधीपुढे उभे राहिले. भजन आपोआप थांबलं.

"अण्णा," ते म्हणाले, "तुझी मान वाकवून आणलं आमी. चुकलं आमचं. मी बघ कसा आलो."

बसवंत तोंड फिरवून उभा होता. थोड्या वेळाने अप्पांनी डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं वचन फिटलं गुरुलिंगा. उद्या बिनघोर वीक." मग गाडीकडे वळून, "आता उजवीकडं मी बसतो. परत जाताना मी चालवणार." आणि खरोखर ऐंशी वर्षांचा तो माणूस, गळ्यात हार, स्मशानातून मोटार चालवत बाजारात परत आला.

सोमवारी सकाळी मी उठलो तर उमा गाडी धूत होती. दोन बादल्या पाण्याने. तेवढ्या पाण्यात मी चार आंघोळी केल्या असत्या. मला वाटलं, गिऱ्हाइकासाठी.

शौकीन गृहस्थ अकरा वाजता आले. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं, नंबर जुळवला. त्यांचे डोळे माझ्यासारखेच झाले होते. मग त्यांनी पाकीट काढलं आणि चेकवहीला हात घातला.

"विकायची नाही," उमा दारातून म्हणाली.

"पण पत्रात तर तुम्ही..."

"पत्रात होती. आता गाडी ठरलेली आहे."

"कुणी ठरवली? मी त्यांच्यापेक्षा जास्त देतो."

"उदगीरचे एक आहेत," उमा म्हणाली. "त्यांना घाई नाही."

अप्पांना आम्ही कळवलं तेव्हा ते खूप रागावले, आणि पुढच्या रविवारी सकाळी सातपासून फेटा बांधून ओट्यावर बसले होते. ते आणखी सहा वर्षं जगले. गेले तेव्हा मान किंचितही न झुकता बाजारातून गेले. त्या दिवशी गाडी पाणी न मागता पोचली, आणि व्यंकटरावांनी सांगितलं की असं होतं कधी कधी, रेडिएटर साफ केला होता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

प्लॉट आता आमच्या शिपायाचा आहे. त्याने त्यावर दुमजली घर बांधलंय आणि अजूनही चहा देताना वरून बघतो. पण त्याचे वडील मध्यंतरी येऊन, इकडचं तिकडचं बोलून, शेवटी गाडीकडे बघत विचारून गेले की त्यांना जमेल का. असे आतापर्यंत बरेच जण विचारून गेलेत. उदगीर-लातुरातली सगळी म्हातारी माणसं मला भेटली की आधी गाडीची तब्येत विचारतात, आणि मी त्यांची विचारत नाही. ते शिकलोय.

एक अडचण मात्र उमाच्याच लक्षात आली. गाडीत जागा दोन. एक जाणाऱ्याची, एक चालवणाऱ्याची. "तुम्ही आधी गेलात तर चालवणार कोण?" तिने विचारलं. त्यामुळे सध्या दर रविवारी नळेगावच्या रस्त्याला उमा गाडी चालवायला शिकते. क्लच सोडताना झटका देते, गियर घालताना दात खाते, पण शिकते. मी डावीकडे बसतो. परवा अशाच एका झटक्याला मी पुढे कोलमडलो, तर ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली,

"सरळ बसा. मान ताठ ठेवायची सवय करा."